शेवाळाचा हलवा

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत सुलाबाईनं बारा वर्षं काढली. वखारीत शंभरावर बायका होत्या. कुणी पाला बडवायची, कुणी चाळायची, कुणी पोती शिवायची, आणि सगळ्यांच्याच डोळ्यांतनं दिवसभर पाणी वाहायचं. सुलाबाई चाळणीवर होती, पण तिच्याकडं आणखी एक काम आपसूक चालून आलं होतं. शेतकऱ्याची गाडी दारात लागली की मुकादम तिला हाक मारायचा. ती पोत्यात कोपरापर्यंत हात घालून मधलं एक पान काढायची, मुठीत दाबायची, मूठ उघडायची आणि पान कसं उलगडतंय ते बघून सांगायची, माल वाळलाय का अजून दोन उन्हं पाहिजेत. वजनकाटा त्याच्यानंतर. तिनं नको म्हटलं की गाडी परत फिरायची, आणि गाडीवान चिकोडीच्या फाट्यापर्यंत तिच्या नावानं बोटं मोडत जायचा.

एक्क्याऐंशी साली तिचा खोकला वाढला. डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि सांगितलं की औषध देतो, पण धूळ सोडल्याशिवाय औषधाचा उपयोग नाही. तिचा नवरा मायाप्पा बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कामाला होता, शनिवारी संध्याकाळच्या एस.टी.नं यायचा आणि सोमवारी पहाटे परत जायचा. तो म्हणाला, वखार सोड, निभेल कसंतरी. सुलाबाईला घरी बसायचं ठाऊक नव्हतं. महिनाभर ती शेजारपाजारचं धान्य निवडून द्यायची, पापड लाटून द्यायची, आणि वैतागायची.

अशात कुणीतरी सांगितलं की चिकोडी रस्त्याला कलगोंडा आप्पांच्या रानात एक बाई पाहिजे, काम हलकं आहे, पाणी ढवळायचं.

कलगोंडा आप्पा जुन्या वळणाचे जैन शेतकरी. दिवस मावळायच्या आत जेवायचे, कांदा-लसूण घरात येऊ द्यायचे नाहीत, घरात कन्नड आणि बाजारात मराठी बोलायचे. त्यांचा मुलगा जिनदत्त धारवाडला वनस्पतिशास्त्र शिकला होता. मग दोन वर्षं तो मैसूरला अन्नावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत राहिला आणि परत आला तो डोक्यात शेवाळ घेऊन. उसाच्या कडेला त्यानं सिमेंटचे तीन उथळ हौद बांधले. त्यात पाणी, खायचा सोडा, मीठ आणि कसली कसली खतं घातली आणि मैसूरहून बाटलीतनं आणलेलं हिरवं बी सोडलं. बी म्हणजे डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही असं शेवाळ, स्पिरुलिना नावाचं. पंधरा दिवसांत हौद मेथीच्या भाजीसारखे गर्द हिरवे झाले. ह्यात डाळीपेक्षा जास्त प्रथिनं आहेत, अशक्त पोरांच्या खाण्यात चिमूटभर घातलं तरी पुष्कळ, असं जिनदत्त भेटेल त्याला सांगत सुटायचा. गावानं त्याला शेवाळवाला म्हणायला सुरुवात केली होती.

आप्पांना हे पटलं नव्हतं. शेवाळात अनंत जीव असतात, त्याला पाय लागू नये म्हणून आम्ही ओल्या भिंतीच्या कडेनं चालत नाही आणि हा ते पिकवतोय, असं त्यांचं म्हणणं. पण एकुलता एक मुलगा परत गावात आला होता. त्यांनी रान दिलं आणि सांगितलं की मी खाणार नाही, मला आग्रह करायचा नाही.

सुलाबाई पहिल्या दिवशी आली ती घरनं पाण्याचा तांब्या घेऊनच. कुणाच्या रानात पाणी कसं मिळतं, किती वरनं ओतलं जातं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. जिनदत्तनं तिला लांब दांड्याचा खराटा दिला आणि तासातासाला हौद ढवळायला सांगितलं. वर धूळ नाही, खाली गारवा, समोर ऊस. तिला काम आवडलं. संध्याकाळी ती घरी जाऊन मुलींना म्हणाली की मी आज दिवसभर हिरव्या पाण्याची शेती केली.

आठवड्यानं जिनदत्तनं पहिलं पीक काढलं. हौदातलं पाणी धोतराच्या चौपदरी कापडातनं गाळलं, वर राहिलेला हिरवा लगदा गोड्या पाण्यानं धुतला, दगडाखाली दाबून पाणी काढलं आणि पत्र्यावर पसरून कडक उन्हात ठेवला. वहीत वेळ लिहिली. दुपारपर्यंत वरची साय करडी पडली. संध्याकाळी त्यानं उलथण्यानं खरवडलं, तर आतला लगदा ओला आणि मासळीबाजारासारखा वास. त्यानं ते खड्ड्यात पुरलं. दुसऱ्या खेपेला पातळ पसरला, तर रंग उडून वाळक्या शेणासारखा झाला. तिसऱ्या खेपेला सुलाबाईला राहवलं नाही.

“अण्णा, एक बोलू का?” ती म्हणाली. “ह्यो माल वाळंना. वरनं भाजतोय आन् आतनं कुजतोय.”

जिनदत्त शिकलेला असला तरी ऐकून घेणारा होता. त्यानं विचारलं, मग काय करायचं? सुलाबाईनं सांगितलं की उन्हाची ऊब पाहिजे, ऊन नको. आणि जाड थराला आतनं वारा लागत नाही, तेव्हा लगद्याच्या शेवया पाडायच्या. तिच्या घरी चकलीचा सोऱ्या होता. दुसऱ्या दिवशी तिनं तो पिशवीतनं आणला. शेवेची चकती लावून लगदा दाबला, आणि कापडावर हिरव्यागार शेवया पडल्या. जिनदत्तनं एक पेटी करून घेतली. वर काच, आत काळा रंग दिलेला पत्रा, त्याच्याखाली जाळीचे ट्रे, खालनं वारा आत शिरायला भोकं. शेवयांना ऊन दिसत नव्हतं, पण ऊब मिळत होती. चार तासांत त्या वाळल्या, आणि रंग जसाच्या तसा राहिला.

सोऱ्याची भोकं तरी जाडच होती. शनिवारी मायाप्पा आला तेव्हा सुलाबाईनं त्याला एक शेवई दाखवली आणि ह्याच्या निम्म्या जाडीची पाहिजे म्हणाली. त्यानं ती बोटांत फिरवली, कागदात गुंडाळून खिशात घातली आणि पुढच्या शनिवारी पितळेची चकती घेऊन आला. उद्यमबागेतल्या ओळखीच्या लेथवाल्याकडनं त्यानं ती कातून आणली होती, दोनशेदहा भोकं, एकेक सुईएवढं. भोकं मी स्वतः मोजलीत, असं त्यानं तीनदा सांगितलं.

माल वाळला हे ओळखायची सुलाबाईची एक पद्धत ठरून गेली. शेवई कानाशी धरून मोडायची. ‘कट्’ असा कोरडा आवाज आला तर झाली. आवाज दबका आला तर अर्धा तास अजून. नुसतीच वाकली तर तिच्यात ओल आहे. आणखी एक गोष्ट तिनं पहिल्याच महिन्यात लावून धरली. वाळलेला माल संध्याकाळी उघडा ठेवायचा नाही. तंबाखूचं पान दिवसा कुरकुरीत असतं आणि रात्रीच्या दहिवरानं मऊ पडतं, हे तिनं बारा वर्षं बघितलं होतं. ह्या शेवया तर तंबाखूपेक्षा हावरट, हवेतलं पाणी ओढून घेत होत्या. तेव्हा आप्पा जेवायला बसायच्या आत डबे बंद, असा तिनं नियम केला. आप्पा दिवस मावळायच्या आधी अर्धा तास पाटावर बसायचे, त्यात कधी चूक व्हायची नाही. घरातनं ताट मांडल्याचा आवाज आला की सुलाबाई डब्यांच्या झाकणांवर मेणकापड बांधायला घ्यायची.

जिनदत्तला हे सगळं पटत होतं, तरी त्याला आकडा पाहिजे होता. त्यानं तिला तीन वेगवेगळ्या वाळवणांचे डबे भरून द्यायला सांगितलं. सुलाबाईनं कोळशानं एका डब्यावर एक रेघ ओढली, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. एका रेघेचा माल चांगला, दोन रेघांचा चालेल, तीन रेघांचा पंधरा दिवसांत बुरसणार, असं तिनं सांगून ठेवलं. डबे धारवाडला प्रयोगशाळेत गेले. तिथनं कागद आला, इंग्रजीत. जिनदत्तनं तो उभ्या उभ्याच वाचला. पहिल्यात शेकडा सहा ओल, दुसऱ्यात नऊ, तिसऱ्यात चौदा. त्यानं तो कागद सुलाबाईच्या हातात दिला. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण आकडे येत होते. तिनं सहा, नऊ, चौदा असं बोट ठेवून वाचलं आणि कागद घडी करून परत दिला.

त्या दिवसापासनं मात्र तिचा पाय जरा जमिनीवरनं सुटला, हे सांगायला पाहिजे. जिनदत्तनं एक थर्मामीटर आणून ठेवला होता, तो ती बघायची नाही. माझा हात आहे की, म्हणायची. पुढच्या श्रावणात आभाळ तीन आठवडे मोकळं झालं नाही. पेटीत ऊब धरेना. हौद तर भरून आलेले. जिनदत्त कामासाठी मैसूरला गेला होता. जाताना तो म्हणाला होता की थर्मामीटर साठाच्या वर जाऊ देऊ नका, आणि आभाळ असेल तर पीक काढूच नका. सुलाबाईला ते पीक हौदातच मरतंय असं वाटलं. तिनं दोन हौद गाळले, शेवया पाडल्या आणि परसातल्या चुलीवर दोरीनं ट्रे टांगून वाळवल्या. कट् असा आवाज आला. ती खूश झाली. डबे बंद केले.

जिनदत्तनं परत आल्यावर डबा उघडला आणि नाक मागं घेतलं. मालाला धुराचा वास होता, खालच्या ट्रेमधल्या शेवया करपून काळ्या पडल्या होत्या. तीन आठवड्यांचं पीक खतात गेलं. सुलाबाईनं दुसरं कुणाचं नाव घेतलं नाही, पावसाचंसुद्धा नाही.

“माझं चुकलं,” ती म्हणाली. “तुमी डिग्री बघा म्हणालतासा, मी हातावर इसंबून ऱ्हायलो.”

जिनदत्तनं तिला थर्मामीटर वाचायला शिकवला. दोन दिवसांत ती शिकली. पारा आणि हात दोन्ही सांगतील तेव्हाच ट्रे काढायचा, असं तिचं तिनं ठरवलं.

पावसाळ्याचा प्रश्न मायाप्पानं सोडवला. फाउंड्रीत तो कोअर शॉपला होता. ओतकामात जिथं पोकळी पाहिजे तिथं वाळूचा गाभा ठेवतात, त्याला कोअर म्हणतात, आणि तो गरम हवेच्या कपाटात वाळवतात. त्याला धूर लागलेला चालत नाही आणि आच लागलेलीही चालत नाही. हे करपलेलं प्रकरण ऐकल्यावर मायाप्पानं हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाला की हे तर आमचंच काम आहे. दोन रविवार खपून त्यानं आप्पांच्या खोपटात विटांचं कपाट उभं केलं. बाजूला उसाच्या पाचटावर चालणारी शेगडी, तिच्यातनं निघालेली लोखंडी नळी कपाटाच्या तळातनं फिरून धुरासकट बाहेर. आत नुसती गरम हवा, वर झडप, झडप सरकवली की ऊब कमी-जास्त. कपाटाच्या अंगात थर्मामीटरला भोक ठेवायलाही तो विसरला नाही. आप्पा खुर्ची टाकून दोन्ही रविवार बघत बसले होते. शेवटी त्यांनी मायाप्पाला विचारलं की ह्यात हळद वाळेल काय. वाळेल म्हटल्यावर त्यांचं शेवाळाबद्दलचं मत जरासं सैल झालं.

आता माल तयार होता. जात्यावर दळला की गर्द हिरवं पीठ पडायचं. पण ते खाणार कोण, हा प्रश्न राहिलाच होता.

बेळगावात पद्मावतीबाई नावाच्या एक डॉक्टर होत्या. त्यांची संस्था आसपासच्या गावांत बालवाड्या चालवायची आणि मुलांना दुपारचा खाऊ द्यायची. जिनदत्तचं बोलणं त्यांना पटलं. त्यांनी खाऊच्या तंबिटाच्या लाडवात, म्हणजे भाजलेल्या डाळीच्या पिठाच्या गोड लाडवात, हे पीठ घालून बघितलं. लाडू हिरवे झाले. मुलांनी वास घेतला आणि हात मागं घेतले. एका मुलीनं चावा घेतला, मग जीभ बाहेर काढून सगळ्यांना दाखवली, आणि हिरवी जीभ बघून अख्खी बालवाडी खिदळत बाहेर पळाली. पद्मावतीबाईंनी हसत हसत पत्र लिहिलं की वस्तू चांगली आहे, पण रंग आणि वास झाकायची काहीतरी युक्ती करा, म्हणजे आम्ही नेहमी घेऊ.

औषधं विकणाऱ्या एका ओळखीच्या माणसानं सुचवलं की कॅप्सूलमध्ये भरा, रिकाम्या कॅप्सूल मिळतात. त्यानं नमुनासुद्धा आणून दिला. आप्पांनी ती चकचकीत कॅप्सूल चिमटीत धरून विचारलं की हे कशाचं बनतं. जिनदत्त खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. जिलेटिनचं, तो म्हणाला, हाडं-कातडी उकळून काढतात.

आप्पांनी कॅप्सूल खाली ठेवली आणि हात धुतले. “हाडाच्या डबीत घालून पोरांस्नी द्यायचं, आन् ते माझ्या रानातनं? न्हाय जमायचं.”

लहान मुलांना कॅप्सूल गिळता येत नाही हेही खरंच होतं, त्यामुळं जिनदत्तनं वाद घातला नाही. पण दोन दिवस तो हौदांकडं फिरकला नाही, आणि ते आईच्या लक्षात आलं. त्याची आई तारामती, घराबाहेर फारसं न बोलणारी बाई. तिनं मुलाला जेवायला वाढताना विचारलं की नेमकं काय पाहिजे तुला. तो म्हणाला, आतली वस्तू आत राहावी, बाहेर वास नाही, रंग नाही, आणि पोरांच्या दाताखाली आली तर गोड लागावी. तारामती म्हणाली, मग हलवा कर की. संक्रांतीला तीळ नाही का आत दडत?

हलवा करण्यात तारामतीचा हात धरणारं त्या भागात कुणी नव्हतं. नव्या सुनांच्या हलव्याच्या दागिन्यांसाठी चिकोडीपर्यंतच्या घरांतनं तिला बोलावणं यायचं. परातीखाली मंद निखारे, परातीत तीळ, वरनं चमच्या-चमच्यानं साखरेचा पाक, आणि सगळा वेळ बोटं फिरत राहायची. पाक तिळावर थरथरानं चढतो. शिकायला बोटं पाहिजेत, असं तिनं सांगितलं, आणि बोटं कुणाची ते सगळ्यांनाच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी परसात शेगडी मांडली गेली. तारामती एका बाजूला पाटावर, सुलाबाई समोर जमिनीवर, मध्ये परात. वाळक्या शेवया कुटून, चाळून मोहरीएवढे दाणे काढले होते. तारामतीनं पाक टाकला आणि दोघींच्या देखत दाणे विरघळून परातीत हिरवा चिखल झाला. तीळ पाणी पीत नाही, शेवाळ पितं. सुलाबाईनं विचार करून सांगितलं की आधी त्याचं तोंड बंद केलं पाहिजे. बाभळीच्या डिंकाचं पातळ पाणी हातानं शिंपडायचं, लगेच वर आरारूटची पूड, कोरडं होऊ द्यायचं, परत डिंक, परत आरारूट. असे चार हात झाल्यावर पाक. हे जमलं. दाण्यांवर पांढरा थर चढायला लागला. पण परसात वारा होता. वाऱ्याची झुळूक आली की पाक एका बाजूनं पटकन जमायचा आणि दाण्याला काटे फुटायचे. दागिन्याला काटे शोभतात, इथं ते लाडवात मोडून पडले असते आणि आतला रंग बाहेर आला असता. आडोशाला पोती बांधून बघितली, चादर धरून बघितली. तीन दिवस असेच गेले.

चौथ्या दिवशी तारामती उठली, शेगडी उचलून आत घेऊन गेली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी राहिली. सुलाबाई परात धरून परसात.

“आत ये,” तारामती म्हणाली. “वारं लागतंय पाकाला.”

सुलाबाईला त्या घरी कामाला येऊन दोन वर्षं झाली होती. तिनं परसातल्या दगडावर पाय धुतले, पदर खोचला आणि परात घेऊन आत गेली. आत अंधारगार होतं, चुलीजवळ शेणानं सारवलेली जमीन आणि फडताळात ओळीनं पितळेचे डबे. बसावं कुठं हे तिला कळेना. तारामतीनं भिंतीला टेकवलेला दुसरा पाट काढून तिच्यापुढं सरकवला. मग दोघीही पाकाकडं बघत बसल्या. दुपारी आप्पा पाणी प्यायला आले, त्यांनी बघितलं, माठातनं स्वतःच्या हातानं पाणी घेतलं आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी सुलाबाईनं सवयीनं तांब्या आणला होता, तारामतीनं तो दारातच घेतला आणि चार वाजता चहा त्याच माठाच्या पाण्याचा केला.

आत वारा नव्हता, पण सुलाबाईची बोटं पोळत होती. तारामतीनं तिला बोटांची आतली बाजू नाही, कडा वापरायला शिकवलं. पाच दिवसांनी परातीत ज्वारीएवढे, गुळगुळीत, किंचित पोपटी झाक असलेले पांढरे दाणे खुळखुळायला लागले. जिनदत्तनं चार दाणे वाटीत पाण्यात टाकले आणि घड्याळ लावून बसला. पाच मिनिटं झाली तरी पाण्याला रंग आला नाही. त्यानं उठून आईच्या आणि सुलाबाईच्या पाया पडायला वाकायला घेतलं, तशी सुलाबाई हातातला चमचा घेऊन मागं सरकली.

“आक्कांच्या पडा. मी पाक सोडून उठलो तर समदं वाया जाईल.”

डबा बेळगावला गेला. आठ दिवसांनी पद्मावतीबाईंचं पत्र आलं. लाडू पिवळेच राहिले होते, मुलांनी खाल्ले होते, आणि आतले पांढरे दाणे टिपून आधी खाण्यावरनं भांडणं झाली होती. महिन्याला किती माल देऊ शकाल, असं त्यांनी विचारलं होतं.

त्यानंतर कामाला वेग आला. वखारीतल्या सहा बायका सुलाबाईनं बोलावून घेतल्या, हौद तिनाचे आठ झाले. स्वयंपाकघर अपुरं पडायला लागलं तेव्हा आप्पांनी हळदीची खोली मोकळी करून दिली, खिडक्यांना पडदे लावून. शेवाळ त्यांनी कधीच खाल्लं नाही. दाणे मात्र तळहातावर घेऊन खिडकीशी बघायचे आणि एखादा वाकडा दिसला तर बाजूला काढायचे.

पंच्याऐंशी साली मैसूरच्या त्या संस्थेनं जिनदत्तला पत्र पाठवलं की तुमच्या कृतीचं प्रात्यक्षिक दाखवा. त्यानं उत्तर लिहिलं की कृती माझी नाही, ज्यांची आहे त्यांना घेऊन येतो. तारामती प्रवासाला तयार झाली नाही. तिनं सुलाबाईला परात आणि स्वतःची एक इरकल साडी दिली. सुलाबाई, मायाप्पा आणि जिनदत्त बेळगावहून गाडीत बसले. लोंढ्याला गाडी बराच वेळ थांबली, तेव्हा मायाप्पानं फलाटावर उतरून भजी आणली. सुलाबाई आयुष्यात प्रथमच एवढ्या लांबच्या गाडीत खिडकीशी बसली होती, आणि हुबळी मागं पडेपर्यंत तिनं डोळ्याला डोळा लागू दिला नाही.

मैसूरला पांढऱ्या कोटातली पंधरा-वीस माणसं खुर्च्यांवर बसली होती. सुलाबाईनं सांगितलं की मी खुर्चीवर बसून हलवा करू शकत नाही, जमिनीवर बसणार. मग त्या माणसांनीही खुर्च्या बाजूला सारून गोल केला. तिनं कन्नडमध्ये सगळं समजावून सांगितलं, सदलग्याच्या माहेरी शिकलेलं कन्नड, त्यामुळं मैसूरवाल्यांना तिचे काही शब्द ऐकून हसू येत होतं आणि तिला त्यांच्या काही शब्दांचं. परातीखाली आच किती ठेवायची, असं एकानं विचारलं. तिनं सांगितलं की तळहात टेकवून तीन आकडे मोजता आले पाहिजेत, चौथ्याला उचलावा वाटला पाहिजे. त्यानं तारेचं एक यंत्र परातीला लावलं, चोपन्न डिग्री आलं. ते तिनं विचारून घेतलं आणि लक्षात ठेवलं. घरी आल्यावर भिंतीवर खडूनं लिहिलं.

तिथल्याच लोकांच्या सल्ल्यानं पुढच्या वर्षी पुण्याहून एक यंत्र आलं. तांब्याचं गोल भांडं, मोटरवर तिरकं फिरणारं, औषधाच्या गोळ्यांवर साखर चढवायचं. बायकांना वाटलं की आता आपलं काम गेलं. सुलाबाईनं दोन दिवस त्या भांड्याभोवती फेऱ्या मारल्या. तिसऱ्या दिवशी तिनं ओळखलं की भांडं फिरतं, पण कधी डिंक, कधी पूड आणि कधी नुसतं वारं द्यायचं हे त्याला कळत नाही. तिनं एकेका बाईला ते शिकवलं, आळीपाळीनं. बोटं पोळायची थांबली. दिवसाला परातभर माल निघायचा तिथं दहा पराती निघायला लागल्या. तारामती कधी कधी येऊन पाटावर बसायची, फिरत्या भांड्यात हात घालून चार दाणे काढायची आणि मान हलवायची. मशीनचा हलवा बरा आहे, पण दागिन्याला चालणार नाही, असं तिचं मत होतं.

सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात सुलाबाई भाचीच्या लग्नाला सदलग्याला गेली होती. लग्नघराशेजारीच बालवाडी. दुपारी पोरांचा गलका ऐकून ती सहज दारात जाऊन उभी राहिली. पोरं ओळीनं बसली होती आणि शिकवणाऱ्या तरुण बाई लाडू वाटत होत्या. पोरांचं ठरलेलं होतं, लाडू फोडायचा, पांढरे दाणे शोधायचे, ते आधी गट्ट करायचे आणि उरलेला लाडू आरामात खायचा. एका टोकाला बसलेल्या मुलीनं दाणे खाऊन टाकले नव्हते, मांडीवरच्या फ्रॉकवर ओळीनं मांडून मोजले होते आणि शेजारणीपेक्षा दोन कमी निघाले म्हणून तिची तक्रार चालली होती.

बाईंनी दारातल्या पाहुणीला आत बोलावलं. लग्नाला आलेली कुणीतरी दिसतेय म्हणून त्यांनी आपुलकीनं माहिती दिली. हे साधे लाडू नाहीत, ह्यात शेवाळ असतं, पोरांना ताकद येते. ते वाळवून त्याच्यावर वेष्टण चढवतात, फार अवघड शास्त्र आहे ते, मैसूरला मोठे मोठे शास्त्रज्ञ करतात.

“व्हय काय?” सुलाबाई म्हणाली. “लई हुशार असतील.”

बाई म्हणाल्या, असणारच. मग त्यांनी डब्यात उरलेला एक लाडू तिच्या हातावर ठेवला. सुलाबाई त्या तक्रार करणाऱ्या मुलीशेजारी मांडी घालून बसली, लाडू फोडला, त्यातले दोन दाणे मुलीच्या फ्रॉकवरच्या ओळीत ठेवले आणि बाकीचा लाडू सावकाश खाऊन संपवला.